पुढच्या चाकाची गळती : दोष सीलचा की बेअरिंगचा?

भुसार, किराणा, कापड अथवा भांडी यांचा व्यापार करणाऱ्या आपल्या सभासद बंधूंपैकी पुष्कळांच्या पेढीपुढे आज स्वतःचा एखादा तरी मालट्रक उभा असतो. मालाचा भाव, उधारीची मुदत, वखारीचे भाडे यांविषयी आपण जितके जागरूक असतो, तितके त्या ट्रकच्या चाकांविषयी असत नाही. गाडी ही ड्रायव्हर व मिस्त्री यांची बाब, आपले काम बिल चुकते करण्यापुरते, अशी एक समजूत आपल्यात रूढ आहे. ही समजूत किती महाग पडते याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला असल्यामुळे प्रस्तुत विषय आम्ही मुद्दाम निवडला. सभासदांनी हाती पाना घ्यावा असा आमचा आग्रह नाही. परंतु मिस्त्री जे सांगतो ते पुरते की अर्धे, एवढे ओळखण्याइतकी माहिती मालकास असलीच पाहिजे.

प्रथम तो अनुभव. काही वर्षांपूर्वी आमच्या पेढीच्या एका गाडीच्या पुढच्या डाव्या चाकास आतल्या बाजूने ग्रीस लागलेले दिसू लागले. बेळगाव ते गोवा अशी तिची नेहमीची फेरी. ड्रायव्हरने सांगितले, आम्ही गाडी गॅरेजला पाठविली, मिस्त्रीने ऑईल सील बदलले, आम्ही पैसे दिले. दीड महिन्यात तेच चाक पुन्हा ओले. पुन्हा सील, पुन्हा पैसे. तिसऱ्या वेळी तर आम्ही सीलच्या कंपनीस दोष देऊन दुसऱ्या कंपनीचे सील आणविले. त्यानंतर थोड्याच दिवसांत चोर्ला घाट उतरताना ब्रेक दाबताच गाडी एकाएकी उजवीकडे ओढली गेली. ड्रायव्हर जुना व शांत डोक्याचा. त्याने ब्रेक सैल केला, खालच्या गिअरमध्येच गाडी सावरली व वळणाच्या अलीकडे उभी केली. माल वाचला, गाडी वाचली आणि मुख्य म्हणजे ड्रायव्हर व क्लीनर दोघेही सुखरूप घरी आले. चाक उघडले तेव्हा ब्रेकचा लायनर ग्रीसने माखलेला होता, आणि आतल्या बेअरिंगच्या रोलरांवरून पोलादाचे खपले उडालेले होते. तीन सील बदलले गेले. पण तीनही वेळा चाक हलवून पाहण्याचे कुणासही सुचले नाही. त्यात आमचाही वाटा आहे, कारण बेअरिंगचे काय, असा प्रश्न आम्हीही एकदासुद्धा विचारला नव्हता.

आता हे चाक आतून कसे असते ते पाहू. मागच्या आसात इंजिनाची शक्ती फिरते व डिफरन्शियलचे तेल असते. तेथील गळती बहुधा त्या तेलाची असते. आपल्याकडील नेहमीच्या मालट्रकचा पुढचा आस मात्र केवळ भार वाहतो व वळतो. त्याच्या दोन्ही टोकांस किंगपिनवर वळणारा स्टब ॲक्सल असतो, आणि त्याच्या निमुळत्या दांड्यावर हब दोन बेअरिंगांच्या आधाराने फिरतो. आतले बेअरिंग मोठे, बाहेरचे लहान. दोन्ही टेपर रोलर जातीची, म्हणजे रोलर एका बाजूस निमुळते असणारी. हेन्री टिमकेन या अमेरिकन गाडी बनविणाऱ्याने 1898 साली या रचनेचे पेटंट घेतले, आणि तिची खुबी अशी की उभा भार व वळणावर येणारा आडवा रेटा असे दोन्ही ती एकदमच सोसते. रोलर ज्यावर बसतात त्या आतल्या भागास मिस्त्री लोक कोन म्हणतात व हबमध्ये ठोकून बसविलेल्या बाहेरच्या कड्यास कप. दोन्ही बेअरिंगांमधील ढिलाई दांड्याच्या टोकावरील नटाने ठरते. तो नट अधिक आवळला तर बेअरिंग तापून जळते. सैल राहिला तर हब डुगडुगतो.

हबच्या आतल्या तोंडाशी, ब्रेक ड्रमच्या अगदी लगत, ऑईल सील बसते. त्याची रबरी कड दांड्यावरील एका गुळगुळीत कड्यावर टेकून असते. आतील ग्रीस बाहेर येऊ न देणे व बाहेरील पाणी, चिखल, धूळ आत जाऊ न देणे ही त्याची दोन कामे. वजन पेलणे हे त्याचे काम नव्हे. हा मुद्दा ध्यानी ठेवला म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपे होते. हब जोवर आपल्या मध्यरेषेवर नीट फिरतो तोवर ती कड सर्वत्र सारखी टेकते. बेअरिंग झिजले वा नट सैल झाला की हब किंचित वाकडा फिरू लागतो. मग कड एका बाजूस दाबली जाते, दुसऱ्या बाजूस उचलली जाते, आणि ग्रीसला वाट मिळते. शिवाय गळलेले ग्रीस हे बेअरिंगचेच अन्न असल्यामुळे गळतीने बेअरिंग आणखी झिजते व झिजलेल्या बेअरिंगने गळती वाढते.

आपल्या शास्त्रांत उपादान व निमित्त असा जो भेद सांगितला आहे, तो येथे आम्हांस फार उपयोगी पडला. सीलचे रबर स्वतः फाटते खरे, पण ते फाटण्यास निमित्त डुगडुगणाऱ्या हबचे. निमित्त तसेच ठेवून उपादान कितीही वेळा नवे आणले तरी कार्य तेच घडणार. आमच्या तीन सीलांचा इतिहास एवढाच आहे.

परंतु प्रत्येक गळतीस बेअरिंगच कारण असते असेही नाही, आणि प्रत्येक ओलेपणा ही सीलची गळतीही नव्हे. सबब प्रथम ओल कशाची आहे ते ठरवावे. सीलच्या कडेशी पातळसा ग्रीसचा थर व त्यावर धूळ एवढेच असेल तर घाबरण्याचे कारण नाही. थोडे पाझरणे चालते. रिमच्या आतल्या बाजूस मध्यापासून परिघाकडे फेकल्यासारख्या रेषा दिसत असतील, टायरची आतली बाजू चिकट झाली असेल, तर ती खरी गळती. हायड्रॉलिक ब्रेकच्या जुन्या वा लहान गाडीत चाकाच्या सिलिंडरमधून ब्रेक ऑईलही गळते. ते पातळ असते, बोटास ग्रीससारखे चिकटत नाही, आणि टाकीतील पातळी उतरल्याने ते उघड होते. हवेच्या ब्रेकच्या गाडीत ब्रेकच्या कॅम शाफ्टला क्लीनरने हौसेने भरलेले जादा ग्रीसही ड्रमकडे येते. त्याचा आळ सीलवर घेऊ नये. किंगपिनच्या निपलातून बाहेर आलेले ग्रीस तर पुष्कळदा पाहणाऱ्यास फसविते. सगळा भाग पुसून स्वच्छ करावा, गाडी पन्नासएक किलोमीटर चालवावी व मग पुन्हा पाहावे. ओल कोठून सुरू होते ते आपोआप दिसते. काही परदेशी बनावटीच्या व नव्या धर्तीच्या गाड्यांत पुढच्या हबमध्ये ग्रीसऐवजी तेल असते व हब कॅपला पातळी पाहण्याची काच असते. तेथे ती काच रोज पाहणे हेच पहिले निदान होय. तसेच चारही चाकांस शक्ती देणाऱ्या गाडीच्या पुढच्या आसात गिअर ऑईल असते. त्याचा गंधकासारखा उग्र वास एकदा ओळखीचा झाला की चूक होत नाही.

यानंतरची परीक्षा जॅकवरची. तीस दहा मिनिटेही लागत नाहीत आणि तरीही ती क्वचितच केली जाते. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांस पुढून मागून लाकडी ठोकळे द्यावेत, पुढचा आस उचलून त्याखाली भक्कम स्टँड लावावा. केवळ जॅकवर विसंबून कुणीही गाडीखाली हात घालू नये. मग चाक वर व खाली धरून, घड्याळातील बारा व सहा आकड्यांच्या जागी, आतबाहेर हलवावे. खालच्या बाजूस पहार लावली तर अधिक चांगले. चाक हलते असे दिसले की बहुतेक मिस्त्री लगेच निकाल देतात, कोणी बेअरिंगचा, कोणी किंगपिनचा. वास्तविक या ठिकाणी एक साधी युक्ती आहे. दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरण्यास सांगावे व चाक पुन्हा तसेच हलवावे. ब्रेकने ड्रम व पर्यायाने हब स्टब ॲक्सलशी जखडला जातो, म्हणून बेअरिंगची ढिलाई नाहीशी होते. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा वा नटाचा. तरीही चाक हलत राहिले तर तो किंगपिनचा. थोडे कमी होऊन थोडे उरले तर दोन्हीकडे काम आहे असे समजावे. तीन व नऊ आकड्यांच्या जागी धरून हलविल्यास जो खटका लागतो तो बहुधा स्टिअरिंगच्या सांध्यांचा असतो. तो निराळा विषय आहे.

हाताने किती ढिलाई कळते, असे कोणी विचारील. खरे सांगायचे तर हातास कळण्याइतकी ढिलाई ही बहुधा आधीच जास्त झालेली असते. टेपर बेअरिंगच्या हबला सामान्यतः 0.025 ते 0.125 मिलिमीटर, म्हणजे एक ते पाच हजारांश इंच इतकी ढिलाई मानली जाते. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. एवढे अंतर डोळ्यांस दिसत नाही. त्यासाठी डायल गेज लागते. बाजारच्या वजनकाट्याची जी किंमत आपल्या दुकानात, तीच गॅरेजात या गेजची. ज्या गॅरेजात ते नाही तेथे हब उघडण्यास देताना आम्ही आता दोनदा विचार करतो.

चाक वर असतानाच ते हाताने फिरवावे व दुसरा हात पुढच्या पाट्यांवर ठेवावा. चांगले बेअरिंग निःशब्द फिरते; झिजलेल्याची खरखर कानास न आली तरी पाट्यांतून तळव्यास जाणवते. रस्त्यावर बेअरिंगचा आवाज घूं घूं असा, वेगाबरोबर वाढणारा. टायरचा आवाज डांबरी व सिमेंटच्या रस्त्यावर निरनिराळा येतो, बेअरिंगचा रस्ता बदलला तरी तोच राहतो. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या चाकाचा. अलीकडच्या गाड्यांत चाकाचा वेग मोजणारे ए.बी.एस.चे यंत्र असते. हब डुगडुगू लागला की त्यातील अंतर कमीजास्त होऊन समोरचा दिवा लागतो. हा दिवा सेन्सरचा दोष म्हणून नुसता विझवून देणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

उष्णतेची परीक्षा सर्वांत स्वस्त व ड्रायव्हरने रोज करण्याजोगी. चहाला गाडी थांबली की दोन्ही पुढच्या हब कॅपजवळ हाताची उलटी बाजू न्यावी. नेमके तापमान किती यापेक्षा डावे व उजवे सारखे आहे की नाही हे महत्त्वाचे. एकच बाजू तापली असेल तर ते बेअरिंग की ब्रेक, हा प्रश्न येतो. हब कॅप अधिक गरम व ड्रम त्या मानाने थंड असेल तर बेअरिंग. ड्रम व रिम अधिक गरम असेल तर ब्रेक चिकटतो आहे. घाट उतरल्यावर लगेच ही परीक्षा घेऊ नये, कारण तेव्हा सगळेच ड्रम तापलेले असतात. अनमोड वा आंबोली उतरून आलेल्या गाडीचा हब पाहून केलेले निदान आमच्या मते निरुपयोगी होय. हातास चटका बसण्याइतका हब तापला असल्यास त्यावर पाणी ओतू नये, गाडी पुढेही नेऊ नये. पूर्ण जळालेले बेअरिंग दांड्यास चिकटते व प्रसंगी चाकच निखळते.

ब्रेकची ओढ हे लक्षण सर्वांत उशिरा येते. ग्रीस लागलेल्या बाजूचा ब्रेक पकडत नाही, म्हणून गाडी उलट बाजूस ओढली जाते. आमचे डावे चाक ओले होते व गाडी उजवीकडे गेली. क्वचित आरंभी थोड्याशा ग्रीसने लायनर उलट एकाएकी पकडतो, म्हणून ओढीच्या दिशेवरूनच निश्चित निर्णय करू नये, दोन्ही बाजू उघडून पाहाव्यात. ग्रीस प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन वा जाळून पुन्हा बसविण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, ती सोडून द्यावी. आत मुरलेले ग्रीस पहिल्याच लांब उतारावर पुन्हा वर येते. लायनर बदलायचा तो आसाच्या दोन्ही बाजूंचा, नाही तर ओढ कायम राहते.

हब उघडला म्हणजे बेअरिंग स्वतः आपली हकिकत सांगते. मात्र ते पुसून टाकण्यापूर्वी प्रथम ग्रीस पाहावे. दुधाळ झालेले ग्रीस म्हणजे पाणी आत गेले. पावसाळ्यात आमच्या भागातील ओढ्यानाल्यांवर पाण्यातून गाडी काढावी लागते, तिचे हे फळ; सील बाहेरून आत गळू लागले, असा त्याचा अर्थ. चमचमणारे कण म्हणजे पोलाद झिजते आहे. करकरीत स्पर्श म्हणजे वाळू. नंतर बेअरिंग डिझेलने धुऊन वाळवावे. हवेच्या झोताने ते गरगर फिरवू नये, तसे केल्यास रोलर उडून इजा होण्याचा संभव असतो. आता उजेडात नीट न्याहाळावे. रोलरांच्या अंतराएवढ्या अंतरावर कपात काळसर डाग असतील तर ओल राहून गंज धरला. त्याच अंतरावर खळगे असतील तर जबर धक्का बसला, किंवा बसविताना कुणी हातोडा मारला. निळा वा तपकिरी रंग चढला असेल तर उष्णतेने पोलादाचे पाणी गेले. ते बेअरिंग दिसायला गुळगुळीत असले तरी टाकून द्यावे. पृष्ठभागाचे खपले उडाले असतील तर भाराने ते थकले. कप हबात सैल फिरत असेल, तर नवे बेअरिंग आणूनही भागणार नाही; हबच बदलावा लागेल. आणि दांड्यावरील ज्या कड्यावर सीलची कड टेकते, त्यावर नख फिरवावे. नख अडकेल अशी खोबण पडली असेल तर त्यावर कोणतेही सील टिकणार नाही. आमच्या गाडीत ही खोबण होती, आणि तिन्ही सील बदलताना ती मिस्त्रीच्या डोळ्यांसमोरच होती!

थकव्याविषयी येथे थोडे अधिक लिहिणे अवश्य वाटते, कारण त्यात दोष मिस्त्रीचा नसून आपला असतो. रोलर बेअरिंगचे आयुष्य भार वाढतो त्याच्या कितीतरी अधिक प्रमाणात घटते. हिशेबाने भार वीस टक्के वाढला तर आयुष्य सुमारे पंचावन्न टक्क्यांवर येते. 2018 साली केंद्र सरकारने दोन आसांच्या मालट्रकचे अनुज्ञेय एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांवर नेले. परंतु त्याआधी बांधलेल्या गाडीचे बेअरिंग त्या आदेशाने मोठे झाले नाही. एका फेरीत चार पोती अधिक घातल्याचा नफा वहीत लगेच दिसतो. हबातील तोटा सहा महिन्यांनी व निराळ्या खात्यावर दिसतो, म्हणून दोहोंचा मेळ आपण कधी घालीत नाही.

नवे बेअरिंग बसविताना कप व कोन दोन्ही नवे, एकाच बनावटीचे घ्यावेत; नव्या कोनास जुना कप दिल्यास जुनी झीज नव्याला लागते. बाजारात नकली बेअरिंगे व सीले फार आहेत. आम्ही स्वतः व्यापारी आहोत, म्हणून स्पष्टच लिहितो : अर्ध्या भावात मिळणारा माल अर्ध्या भावात का मिळतो हे आपल्याइतके दुसऱ्या कुणास कळणार? सीलच्या कडेस बसविण्यापूर्वी ग्रीस लावावे व ते गोल ठोकणीने सर्व बाजूंनी सारखे बसवावे. एका बाजूस हातोडा मारून बसविलेले सील पहिल्या दिवसापासून वाकडे असते. नट आवळताना चाक सतत फिरवावे, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात, आणि मग पुस्तिकेत सांगितल्याइतका तो मागे घेऊन, ढिलाई मोजून, लॉक करावा. काही नव्या गाड्यांत हब व बेअरिंग कारखान्यातच एकत्र जुळवून बंद केलेले असतात. ते उघडून ग्रीस भरण्याचा मोह टाळावा. बिघडल्यास ते सबंधच बदलतात.

ग्रीसविषयी एक प्रश्न आमच्या एका सभासद भगिनींनी विचारला होता : त्यात प्राण्यांची चरबी असते काय? जुन्या काळच्या कॅल्शियम व सोडियम साबणाच्या ग्रीसांत चरबीपासून काढलेली आम्ले पुष्कळदा वापरीत. चाकाच्या बेअरिंगसाठी आज जे लिथियम ग्रीस सर्रास वापरतात, त्याचा साबण मुख्यतः एरंडेल तेलापासून मिळणाऱ्या आम्लाचा असतो, आणि एरंडीच्या पिकात आपला देश जगात पहिला आहे. तथापि ज्यांना निश्चिती हवी त्यांनी त्या त्या मालाविषयी उत्पादकास विचारावे. व्यवहाराच्या दृष्टीनेही हे ग्रीस सरस : कॅल्शियमचे पाण्यास टिके पण उष्णतेने वितळे, सोडियमचे उष्णतेस टिके पण पाण्यात विरघळे, लिथियमचे दोन्ही सोसते व सुमारे 180 अंश सेल्सियसपर्यंत ठिबकत नाही. निरनिराळ्या जातींचे ग्रीस एकमेकांत मिसळू नये, पुष्कळदा ते मिश्रण पातळ होऊन सीलबाहेर येते. तसेच हब काठोकाठ भरू नये. रोलरांच्या फटींत ते हाताने दाबून पूर्ण भरावे. हबच्या पोकळीत मात्र तिसरा हिस्सा ते अर्धे एवढेच असावे. जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी असे क्लीनरला वाटते. प्रत्यक्षात ते घुसळून तापते व सीलवर दाब आणते.

आमच्या पेढीत आता प्रत्येक गाडीची एक लहान वही आहे. तीत कोणत्या तारखेस, किती किलोमीटरवर, कोणत्या चाकाचा हब उघडला, ढिलाई किती भरली, सील, कप, कोन यांपैकी काय बदलले व जुने कसे दिसत होते, एवढे लिहिले जाते. काढलेला जुना माल मिस्त्रीने फेकून न देता गाडीसोबत पेढीवर पाठवावा, असा नियम आम्ही केला. आरंभी मिस्त्रीस त्याचा राग आला. हल्ली तो स्वतःच जुना कप पुसून कागदात गुंडाळून पाठवितो, आणि त्यावर पेन्सिलीने चाकाची बाजू लिहितो.